कंठ फुटल्यावर

गेल्या महिन्यांत एका जुन्या स्नेह्यांच्या घरीं जाण्याचा योग आला. आजे-नातवंडें, काका-पुतणे, सासवा-सुना यांनीं भरलेलें आणि अद्यापि एकाच चुलीवर जेवणारें घर शहरांत आतां क्वचितच आढळतें. हें त्यांपैकीं एक आहे. आम्ही पोहोंचलों तेव्हां चहाबरोबर एक वाद रंगांत आलेला होता, आणि "तुम्ही आलांत हें बरें झालें, आतां तुम्हीच सांगा" असें म्हणून मंडळींनीं तो आमच्यापुढें ठेविला.

वादाचा विषय घरांतील नऊ वर्षांचा नातू हा होता. उन्हाळ्याच्या सुटींत मुलांच्या एका नाटकांत त्यानें विदूषकाची भूमिका केली, आणि प्रेक्षकांत बसलेल्या एका गृहस्थांच्या कानांत त्याचा आवाज भरला. हे गृहस्थ मुंबईच्या एका ध्वनिमुद्रणगृहांत काम करितात. परभाषेंतील व्यंगचित्रमालिकांतल्या पात्रांना मराठी आवाज देण्याचा जो उद्योग हल्लीं चालतो व ज्यास सर्वत्र 'डबिंग' या नांवानेंच ओळखतात, त्यांतले ते जाणते. एका मालिकेंतील खोडकर मुलासाठीं त्यांना असाच स्वच्छ, खणखणीत आणि किंचित् खट्याळ आवाज पाहिजे होता. दोन महिने, आठवड्यांतून तीन दिवस मुलाला मुंबईस आणावें. जाण्यायेण्याचा खर्च आणि वर मेहनताना मिळेल, असें त्यांनीं कळविलें होतें.

मुलाचा बाप हरखून गेला होता. आईला शाळेची काळजी. धाकट्या काकांचें म्हणणें असें कीं, घरीं चालून आलेल्या लक्ष्मीस परत पाठवूं नये. आजोबा जन्मभर न्यायालयाच्या कचेरींत नोकरी केलेले. त्यांनीं प्रथम कागद मागितला, आणि कागद कांहीं आला नव्हता. आजीबाई एका बाजूस मेथी निवडीत बसल्या होत्या. सर्वांचें बोलून झाल्यावर त्यांनीं मान वर न करितां एवढेंच विचारलें, "आणि कंठ फुटल्यावर?"

यावर कोणीच कांहीं बोललें नाहीं. आम्हांसही त्या वेळीं नीटसें उत्तर सुचलें नाहीं. परंतु त्या प्रश्नावरून एक खरी हकीकत आठवली, ती आम्हीं मंडळींस सांगितली. आणि ज्या घरांत असें बोलकें, गोड गळ्याचें मूल आहे त्या घरीं ती वाचली जावी, म्हणून येथें देतों.

वॉल्ट डिस्ने यांचा 'पीटर पॅन' हा चित्रपट १९५३ सालचा. कधींच मोठा न होणाऱ्या मुलाची ती गोष्ट आपल्या घरांतील मुलांनींही पाहिलेली असेल. मूळ नाटक जेम्स बॅरी या स्कॉटिश लेखकाचें. लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स नाट्यगृहांत तें २७ डिसेंबर १९०४ रोजीं प्रथम झालें. त्या प्रयोगांत पीटरचें काम नीना बूसिको या नटीनें केलें, आणि तेव्हांपासून इंग्रजी रंगभूमीवर पीटर बाईनेंच व्हावयाचें असा परिपाठ पडला. (गंमत अशी कीं, पुढच्याच वर्षीं, १९०५ सालीं, आपल्याकडे बालगंधर्व शकुंतलेच्या वेषांत किर्लोस्कर मंडळीच्या रंगभूमीवर आले. तिकडे बाई मुलगा होई, इकडे मुलगा बाई होई. रंगभूमीचा हिशेब सर्वत्र तिच्या सोयीचाच असतो.) डिस्ने यांनीं मात्र आपल्या पीटरला खऱ्याखुऱ्या मुलाचा कंठ दिला. तो मुलगा म्हणजे बॉबी ड्रिस्कॉल.

बॉबीचा जन्म ३ मार्च १९३७ रोजीं अमेरिकेंतील आयोवा संस्थानांत, सीडर रॅपिड्स या गांवीं झाला. बापाची प्रकृति बरी नसे, म्हणून कुटुंब कॅलिफोर्नियांत राहावयास आलें. तेथील एका न्हाव्याचा मुलगा चित्रपटांत किरकोळ कामें करी. त्या न्हाव्यानें या चुणचुणीत पोराचे केस कापतां कापतां त्याच्या आईबापांना सुचविलें कीं, यालाही एकदां दाखवून पाहा. त्यांनीं दाखविला, आणि १९४३ सालीं सहा वर्षांचा बॉबी पडद्यावर आला. पुढें १९४६ सालीं डिस्ने यांनीं त्यास व लुआना पॅटन या मुलीस करारानें बांधून घेतलें. चित्रें हलविणाऱ्या त्या कारखान्यानें हाडामांसाचीं माणसें नोकरीस ठेवण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

त्यानंतरचीं सात वर्षें म्हणजे चढती कमान. 'साँग ऑफ द साउथ', 'सो डिअर टु माय हार्ट', आणि १९४९ सालीं आर. के. ओ. कंपनीसाठीं केलेला 'द विंडो'. या शेवटल्या चित्रपटांत रोज थापा मारणारा एक मुलगा खिडकींतून खरोखरीचा खून पाहतो, आणि त्याच्यावर कोणी विश्वास ठेवीत नाहीं. हें काम बॉबीनें असें कांहीं वठविलें कीं, १९५० सालीं त्यास उत्कृष्ट बालनट म्हणून छोटी ऑस्करमूर्ति देण्यांत आली. त्या वेळीं तो तेरा वर्षांचा होता.

त्याच सुमाराची एक गोष्ट आम्हांस फार बोलकी वाटते. 'ट्रेझर आयलंड'चें चित्रण इंग्लंडांत झालें, आणि जिम हॉकिन्सचें काम बॉबीकडे होतें. मध्येंच तेथील अधिकाऱ्यांच्या असें ध्यानीं आलें कीं, मुलाजवळ कामाचा रीतसर परवाना नाहीं. खटला होऊन दंड झाला व मुलास परत नेण्याचा हुकूम सुटला. अपील करण्यास सहा आठवड्यांची मुदत मिळाली. त्या सहा आठवड्यांत काय झालें असेल? दिग्दर्शकानें बाकीचीं सर्व कामें बाजूस ठेवून बॉबीचे जवळून घ्यावयाचे प्रसंग घाईघाईनें उरकून घेतले! मुलाच्या रक्षणासाठीं केलेला कायदा आडवा आला, त्याचा परिणाम मुलाला विसांवा मिळण्यांत न होतां, त्याच्याकडून काम लौकर काढून घेण्यांत झाला. यांत कोणी दुष्ट होता असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. पैसा गुंतलेला होता, चित्रपट अर्धवट होता, आणि मुलगा गुणी होता. गुणी मुलाकडून जास्त काम घेतलें जातें, हें घरांतल्या गुणी सुनेवरूनही कोणास समजेल.

मग 'पीटर पॅन' आला. अशा चित्रपटांत आधीं आवाज मुद्रित करितात आणि मग त्या आवाजाबरहुकूम चित्रें काढितात. पीटर हसला कीं बॉबी हसलेला असे. पीटरनें ओठ मुडपले कीं बॉबीनें ते आधीं मुडपलेले असत. कारण चित्रकारांपुढें नमुना म्हणून अभिनयही त्याच्याकडून करून घेण्यांत आला. उड्या आणि उड्डाणें यांसाठीं एक नर्तक वेगळा होता. परंतु जवळून दिसणारा चेहरा व आवाज बॉबीचा. हें काम चाललें असतां तो चौदा-पंधरा वर्षांचा होता. म्हणजे मोठें व्हावयाचें नाहीं असें ठणकावून सांगणाऱ्या त्या मुलाचा आवाज, स्वतः मोठें होण्याच्या अगदीं उंबरठ्यावर उभ्या असलेल्या मुलाच्या गळ्यांतून निघाला होता.

फेब्रुवारी १९५३ मध्यें चित्रपट प्रदर्शित झाला, आणि त्यानंतर थोड्याच अवधींत बॉबीचा करार संपविण्यांत आला. तो सोळा वर्षांचा झाला होता. चेहऱ्यावर मुरमें आलीं होतीं, अंगलट बदलली होती. ज्या वयांत आपल्या घरांतला मुलगा आरशासमोर उभा राहून उगाच मिशीवरून बोट फिरवितो व आपण हंसून सोडून देतों, त्या वयांत हा मुलगा निरुपयोगी ठरला. चित्रपटवाल्यांच्या मुलांची शाळा सोडून तो सामान्य शाळेंत गेला. तेथें मुलांनीं त्याच्या नांवलौकिकाचीच टर उडविली. पुढें आकाशवाणीवर आणि दूरचित्रवाणीवर किरकोळ कामें मिळालीं, तीं हळूहळू आटलीं. मादक द्रव्यांचें व्यसन लागलें. लग्न झालें, तीन मुलें झालीं, संसार मोडला. अटक झाली, कैद झाली, व्यसनमुक्तीचे उपचार झाले. १९६५ सालीं तो न्यूयॉर्कला गेला तो नाटकांत काम मिळेल या आशेनें. जो मुलगा पडद्यावर वाढला त्यास अठ्ठाविसाव्या वर्षीं रंगभूमीचें दार आठवलें. परंतु रंगभूमीला तो आठवत नव्हता.

३० मार्च १९६८ रोजीं न्यूयॉर्कमधील एका ओसाड इमारतींत खेळणाऱ्या दोन मुलांना एक प्रेत आढळलें. अंगावर ओळखीची कांहीं खूण नव्हती. बेवारशी म्हणून तें हार्ट आयलंड या बेटावरील गोरगरिबांच्या दफनभूमींत पुरण्यांत आलें. पुढच्या वर्षीं बॉबीचा बाप मरणोन्मुख झाला, तेव्हां आईनें मुलाचा शोध चालविला. डिस्ने कंपनीचीही मदत मागितली. अखेरीस पोलिसांच्या दप्तरांतील बोटांच्या ठशांवरून उलगडा झाला कीं, बेटावर पुरलेला तो एकतीस वर्षांचा अनोळखी माणूस म्हणजे बॉबी ड्रिस्कॉल. ही गोष्ट १९६९ सालची. आणि त्याच वर्षीं 'पीटर पॅन' अमेरिकेंतील चित्रपटगृहांत पुन्हां लागला होता. मुलें हंसत होतीं.

आमची हकीकत इथवर येतांच मुलाचा बाप म्हणाला, "असें एखाद्याचेंच होतें. व्यसनानें कोणाचेंही वाटोळें होईल. त्यांत आवाजाचा काय दोष?" हें म्हणणें खोडून काढतां येणार नाहीं, आणि आम्हांस खोडावयाचेंही नाहीं. एका माणसाच्या नाशाचें कारण दुसऱ्यानें बोटानें दाखवावें इतकें तें सोपें नसतें. म्हणूनच त्याच चित्रपटांतली दुसरी गोष्ट सांगणें न्यायाचें होईल.

पीटरबरोबर आकाशांतून उडत जाणारी वेंडी आठवते ना? तिचा आवाज कॅथरिन बोमाँट या मुलीचा. ही बॉबीहून वर्षाभरानें धाकटी; जन्म लंडनचा, १९३८ चा. १९५१ सालच्या 'अ‍ॅलिस इन वंडरलँड'मधील अ‍ॅलिस हीच. तिलाही चित्रकारांपुढें अभिनय करावा लागला. तारांना लटकून उडावेंही लागलें. कंपनी तीच, चित्रपट तोच, वय जवळजवळ तेंच, आणि अ‍ॅलिस व वेंडी अशा दोन मुख्य भूमिका पदरांत पडल्यामुळें लौकिकही कांहीं कमी नव्हता. परंतु 'पीटर पॅन' संपल्यावर ही मुलगी शिकावयास गेली, विद्यापीठाची पदवी घेतली आणि प्राथमिक शाळेंत शिक्षिका झाली. थोडीथोडकी नव्हेत, छत्तीस वर्षें तिनें मुलांना शिकविलें. मधून मधून कंपनीस अ‍ॅलिसचा किंवा वेंडीचा आवाज लागे, तेव्हां ती जाऊन देऊन येई. असें २००५ सालापर्यंत चाललें. मुलींचा कंठ मुलांसारखा फुटत नाहीं, हा निसर्गाचा पक्षपात तिच्या वांट्यास आला हें कबूल केलें पाहिजे. मुलाच्या गळ्यांतील घाटी मोठी होते, स्वरतंतु लांब व जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खालीं उतरतो. मुलीचा थोडासाच उतरतो. पण एवढ्यानें सगळा फरक उलगडतो असें आम्हांस वाटत नाहीं. कॅथरिनला उद्यां सकाळीं उठून जावयास एक जागा होती, जेथें तिच्या आवाजाशीं कोणास कर्तव्य नव्हतें.

आजीबाईंनीं येथें मेथीची परात बाजूस सारली आणि विचारलें, "मग आपल्याकडच्या नाटकांतल्या मुलांचें काय होत असे?"

प्रश्न रास्त होता. जुन्या नाटक मंडळ्यांतून पोरवयाचीं मुलें शेंकड्यांनीं वावरलीं. मंगेशीहून आलेले दीनानाथ मंगेशकर किर्लोस्कर मंडळींत शिरले तेव्हां अवघे चौदा वर्षांचे होते. १९१८ सालीं, अठराव्या वर्षीं, चिंतामणराव कोल्हटकर व कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह त्यांनीं बळवंत संगीत मंडळी उभारली. कंठ फुटण्याचें वय त्यांनीं मंडळीच्या बिऱ्हाडांतच काढिलें. मास्टर कृष्णराव लहानपणीं बालनट म्हणून रंगभूमीवर आले. पुढें भास्करबुवा बखल्यांचे शिष्य झाले, गंधर्व मंडळीच्या नाटकांस चाली दिल्या आणि 'प्रभात'च्या 'माणूस', 'शेजारी' यांसारख्या चित्रपटांचें संगीत केलें. मुलाचा आवाज गेला तरी त्या आवाजानें शिकलेली विद्या गेली नाहीं. आणि राम गणेश गडकरी किर्लोस्कर मंडळींत प्रथम आले ते नाटककार म्हणून नव्हे. मंडळींतील मुलांना चार अक्षरें शिकविण्यासाठीं आले. मुलांना शिक्षक पाहिजे, हें निदान त्या मंडळीच्या चालकांस कळलेलें होतें.

यावरून ते दिवस सोन्याचे होते असें मात्र कोणी समजूं नये. ज्यांचीं नांवें आपण घेतों तीं थोडीं. ज्यांचा आवाज फुटला तो पुन्हां जुळलाच नाहीं, शाळा कायमची सुटली आणि पुढें पडदे ओढण्यांत आयुष्य गेलें, त्यांचीं नांवें कोणीं लिहून ठेविलीं? आम्ही एवढेंच म्हणतों कीं, नाटकांत वाढत्या वयाला जागा असते. आज जो रोहिदास झाला तो उद्यां हरिश्चंद्र होऊं शकतो, आणि परवां विश्वामित्र. मुलगा पाखेंत उभा राहून थोरांचें काम पाहतो, चुकलेल्या नटास सांवरून घेतांना पाहतो, पेटीवाला स्वर कसा धरतो तें ऐकतो. प्रयोग कोसळला तर सगळ्यांबरोबर तोही कोसळतो, आणि रात्रीं सगळ्यांबरोबर जेवतो. १९५९ सालीं सुधाताई करमरकरांनीं 'लिटल थिएटर' काढून मुलांच्या नाटकाचा जो पाया घातला, त्यावर आज उन्हाळ्याच्या सुटींत ठिकठिकाणीं शिबिरें भरतात. त्यांतून नट निपजोत वा न निपजोत, मुलाला दहा जणांत उभें राहण्याची संवय लागते, हें आम्हीं आमच्याच घरांत पाहिलें आहे.

ध्वनिमुद्रणाच्या खोलींत हें नाहीं. येथें चित्र आधीं तयार असतें व आवाज मागून बसवावयाचा असतो, म्हणजे पीटरच्या उलट. भिंतींना मऊ अस्तर, समोर पडदा, कानाला यंत्र. कानांत परभाषेंतलें मूळ वाक्य वाजतें, आणि पडद्यावरील पात्राचे ओठ उघडतील तेव्हां उघडून मिटतील तेव्हां मिटावें, अशा बेतानें मराठी वाक्य टाकावयाचें. बहुधा मूल खोलींत एकटें असतें; ज्याच्याशीं तें भांडतें तो गडी आदल्या दिवशीं येऊन गेलेला असतो, नाहीं तर उद्यां यावयाचा असतो. हें काम हलकें आहे असें कोणी म्हणूं नये. नऊ वर्षांच्या मुलानें केवळ आवाजानें धांवत येणें, दम लागणें, पडणें आणि रडूं आवरणें दाखवावें, याला मोठी हुशारी लागते. उच्चार घांसून पुसून लख्ख होतात, कान तयार होतो, वाचन सुधारतें. १९६५ सालीं अमेरिकेंत चार्ली ब्राउनच्या पहिल्या नाताळपटासाठीं खऱ्या मुलांचे आवाज घेतले, तेव्हां त्यांतल्या कांहींना वाचतांही येत नव्हतें. एकेक वाक्य तोंडानें सांगून त्यांच्याकडून म्हणवून घ्यावें लागलें. तें ऐकतांना अजूनही कानांस गोड वाटतें. परंतु जें विकत घेतलें जातें तें त्या वयाचें गळ्याचें फळ, झाड नव्हे. दोन वर्षांनीं दुसरा मुलगा आणतात, आणि ऐकणाऱ्यांस बदल कळूं नये इतका तो पहिल्यासारखा निवडतात.

पैशाची गोष्ट राहिली. ती आजोबांना आवडली, म्हणून आम्हीं ती थोडी लांबवून सांगितली. चार्ली चॅप्लिन यांच्या १९२१ सालच्या 'द किड' चित्रपटांतलें तें फाटक्या टोपीचें पोर, जॅकी कूगन, वयांत येईपर्यंत तीस-चाळीस लाख डॉलर मिळवून बसलें असा अंदाज होता. १९३५ सालीं तो एकवीस वर्षांचा झाला. वडील त्याच वर्षीं मोटारीच्या अपघातांत वारले होते. त्यानें आपले पैसे मागितले, तेव्हां आई व तिचा दुसरा नवरा यांनीं सांगितलें कीं, मुलाची मिळकत ही आईबापांची! १९३८ सालीं त्यानें आईवर दावा लाविला, आणि उरलेल्या चतकोरांतून सुमारें सव्वा लाख डॉलर त्याच्या हातीं पडले. यावरून कॅलिफोर्नियांत १९३९ सालीं कायदा झाला. तो बरीच वर्षें लुळाच होता. २००० सालापासून मात्र बालकलाकाराच्या मिळकतीचा शेंकडा १५ भाग त्याच्या नांवें वेगळा टाकावाच लागतो.

आपल्याकडे १९८६ सालच्या बालमजुरीच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली आणि २०१७ सालीं नियम झाले. चौदा वर्षांखालील मुलास कामास लावण्याची बंदी आहे, पण दृक्श्राव्य करमणुकींतील कलाकार त्यांतून वगळलेला आहे, आणि तोही अटींवर. दिवसाकाठीं पांच तासांहून अधिक काम नाहीं. विश्रांतीवांचून सलग तीन तासांहून अधिक नाहीं. ओळीनें सत्तावीस दिवसांहून अधिक नाहीं. शाळेचा खंड पडतां कामा नये. जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे आपल्या बोलण्यांतल्या कलेक्टरांची परवानगी निर्मात्यानें आधीं घेतली पाहिजे. मिळकतीचा निदान शेंकडा २० भाग राष्ट्रीयीकृत बँकेंत मुलाच्या नांवें मुदतीच्या ठेवींत परस्पर भरला पाहिजे, आणि तो त्यास सज्ञान झाल्यावरच मिळावयाचा. आणखी एक अट अशी कीं, मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला कामांत घेतां येत नाहीं.

ही शेवटची अट ऐकून आम्हांस थोडें वरमल्यासारखें झालें. दोन तास आम्ही सर्वजण त्या मुलाविषयीं बोलत होतों आणि त्याला कोणी विचारलें नव्हतें. तो ओसरीवर पतंगाच्या मांज्याचा गुंता सोडवीत बसला होता. आईनें त्यास हांक मारून विचारलें, "तुला जावयाचें आहे का रे?" तो म्हणाला, "नाटक चालूं असेल तेव्हां नाहीं. एरवीं जाईन." कारण पुढच्या सुटींतल्या नाटकांत त्याला राजाचें काम मिळावयाचें होतें, आणि तें दुसऱ्यास जाईल ही भीति त्याला मुंबईच्या मेहनतान्याहून मोठी होती.

आजोबांनीं त्याच बैठकींत पत्राचा मसुदा केला. शनिवार-रविवार व सुटीचे दिवस एवढेंच काम. शाळेचा एकही दिवस बुडावयाचा नाहीं. घरांतलें एक माणूस खोलीबाहेर बसेल. परवानगीची प्रत आधीं दाखवावी. आणि शेंकडा २० ऐवजीं सगळी रक्कम मुलाच्या नांवें ठेवावी. धाकटे काका शेवटच्या कलमावर थोडे कुरकुरले. आजोबांनीं त्यांच्याकडे चष्म्यावरून पाहिलें, तेव्हां ते गप्प बसले. दुसऱ्या दिवशीं त्या मुंबईच्या गृहस्थांचें उत्तर आलें कीं, परवानगीचें एवढें कोणी मनावर घेत नाहीं, चार दिवसांचें काम चटकन् होऊन जातें. आजोबांनीं उलट कळविलें कीं, आम्ही घेतों.

निघतांना आम्हीं मुलाला जवळ घेऊन गंमतीनें विचारलें, "काय रे, आजी विचारते तें ठाऊक आहे का? कंठ फुटल्यावर काय करशील?" त्यानें क्षणभर विचार केला व म्हणाला, "त्या चित्रांत त्या मुलाचे बाबा आहेत ना, त्यांचा आवाज करीन." मग पुन्हां मांज्याकडे वळला. आजीबाईंचें समाधान झालें कीं नाहीं, कळलें नाहीं. त्या मेथी धुवावयास आंत गेल्या.

हा मजकूर छापावयास देईपर्यंत मुंबईकडून परवानगीची प्रत आलेली नाहीं. आजोबा रोज टपाल पाहतात.